इन्सुलिन सुरू आहे, तरी मांजराची शुगर उतरत नाही: डोस वाढवण्याआधी काय तपासायचं

मांजराला डायबेटिस निघाला, डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनही चालू आहे, आणि तरी पुढच्यापैकी काही गोष्टी जशाच्या तशाच आहेत, अशांसाठी हे लिहिते आहे.

- पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं. एकदा मोजून बघा. वजनाच्या दर किलोला दिवसाला १०० मिलीच्या वर पाणी जात असेल, म्हणजे ४ किलोचं मांजर ४०० मिली पीत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे.
- लिटरमधले गोळे मुठीएवढे होतात. गच्चीत किंवा कुंडीत जाणारं मांजर असेल तर त्या जागेला मुंग्या लागतात.
- खा खा सुटलेली असते, पण पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात.
- मागचे पाय पंज्यावर न टेकता घोट्यापर्यंत टेकवून चालतं. ओट्यावर सहज उडी मारणारं आता खालूनच वर बघत बसतं.
- घरी मोजलं तरी मीटरवर ३००-४०० च्या खाली आकडा येत नाही.

मी डॉक्टर नाही. पुण्यात मांजरं सांभाळते, आणि नव्याने डायबेटिस निघालेल्या मांजरांच्या घरी जाऊन इंजेक्शन कसं द्यायचं, कानातून रक्त कसं घ्यायचं हे शिकवत आले आहे. प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच असतो, ‘डोस वाढवूया का?’ बहुतेक वेळा गडबड डोसमध्ये नसतेच. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध त्या मापाने, त्या गुणाचं, मांजराच्या कातडीखाली पोचतच नसतं. अशा वेळी डोस वाढवला आणि नंतर कधीतरी मूळ चूक आपोआप सुधारली, तर वाढवलेला सगळा डोस एकदम लागू पडतो आणि मांजराच्या जिवावर बेततं. म्हणून डोसला हात सगळ्यात शेवटी, तोही डॉक्टरांनी लावायचा.

काही तपासण्याआधी: या दोन अवस्थांत घरी थांबायचं नाही

पहिली, शुगर फार खाली जाणं. मांजर झोकांड्या खातं, एकटक बघत राहतं, लाळ गाळतं, हाक मारली तरी ओळख देत नाही, पुढे झटके येतात. मध, साखरेचा घट्ट पाक किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. झटका चालू असेल तर दातांच्या मध्ये बोट घालू नका, ओठाच्या आतल्या बाजूला चोळा. शुद्धीवर आलं की खायला द्या आणि लगेच डॉक्टर गाठा, कारण साखरेचा असर थोडा वेळच राहतो आणि इन्सुलिन मात्र अजून काम करत असतं. लक्षण काहीच नाही, पण मीटर ६० च्या खाली दाखवतोय, तरी खायला घालून डॉक्टरांना फोन करायचा.

दुसरी अवस्था उलटी आहे, आणि ती लोकांच्या लक्षात उशिरा येते. आतापर्यंत अधाशासारखं खाणारं मांजर अचानक अन्नाला तोंड लावत नाही, उलट्या करतं, कोपऱ्यात पडून राहतं, श्वास खोल आणि जड घेतं, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतो. शरीर साखर वापरू शकत नाही म्हणून चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरात असू द्या. पट्टीचा रंग बदलला आणि मांजर खात नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. याला सलाइन, पोटॅशियम आणि तासातासाची तपासणी लागते, घरगुती उपाय नाही.

यातलं काहीच नसेल तर पुढच्या क्रमाने चला. आधी फुकटातल्या गोष्टी.

सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं आहे?

सगळ्यात जास्त वेळा घोळ इथे सापडतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. माणसांच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, मांजरांसाठी वापरलं जाणारं कॅनिन्सुलिनही ४० चंच. ग्लार्जिन, म्हणजे जास्त वेळ टिकणारं इन्सुलिन, मात्र बहुधा १०० युनिट प्रति मिली. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. मेडिकलमध्ये नुसतं ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं की हाताला लागेल ती मिळते.

आता हिशोब बघा. बाटली ४० ची आणि सिरिंज केशरी, तर १ च्या रेघेपर्यंत ओढलेलं औषध प्रत्यक्षात ०.४ युनिट असतं. निम्म्याहून कमी. शुगर उतरणार कशी? उलट बाजूने, ग्लार्जिन लाल सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत ओढलं तर ते अडीच युनिट होतं. बहुतेक मांजरांची सुरुवात दर १२ तासांनी १ युनिटच्या आसपास होते, त्यांना एकदम अडीच म्हणजे थेट धोका.

बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या नळीवरचा आकडा, दोन्ही शेजारी धरून वाचा. जुळत नसतील तर आज संध्याकाळचं इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बरोबर सिरिंज आणून लगेच पूर्ण डोस सुरू करू नका. आतापर्यंतचा खरा डोस किती होता हे डॉक्टरांना कळलं की ते पुढचा ठरवतील. १०० च्या सिरिंज घेताना ३० युनिटची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर तीच घ्या. मोठ्या सिरिंजवर १ आणि दीड यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि मांजराच्या शरीरात तो मोठा असतो.

घरात आजी-आजोबांचं मिक्स इन्सुलिन असतं, त्यातलंच थोडं मांजराला दिलेलं मी पाहिलं आहे. देऊ नका. त्यातला एक भाग झपाट्याने चढतो आणि दुसरा मांजराच्या अंगात सहसा १२ तास टिकत नाही.

औषध कातडीखाली गेलं की केसांत?

पर्शियन किंवा दाट केसांचं मांजर असेल तर हे नक्की बघा. इंजेक्शन देऊन झालं की त्या जागेचे केस दोन बोटांनी चाचपा आणि बोटं नाकाशी धरा. इन्सुलिनला दवाखान्यासारखा तिखट वास असतो, एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. केस ओले आणि बोटाला तो वास, म्हणजे सुई चिमटीच्या एका बाजूने जाऊन दुसरीकडून बाहेर आली.

अशा वेळी दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. अर्धं गेलं, पाव गेलं की सगळंच गेलं, हे कुणालाही सांगता येत नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. एका वेळेला शुगर चढी राहिली तर बिघडत नाही, दुप्पट डोस मात्र महागात पडतो.

चिमट मानेऐवजी छातीच्या किंवा पोटाच्या बाजूला धरून बघा. मानेची कातडी जाड असते, औषध तिथून सावकाश शोषलं जातं, शिवाय रोज तिथेच टोचून गाठ धरते. बाजू रोज बदला. त्या जागचे केस कात्रीने बारीक केले तर कातडी दिसते आणि निम्मं काम सोपं होतं. सुई दर वेळी नवी. एकदा वापरलेली सुई बोथट होते, मांजराला दुखतं आणि मग ते सिरिंज दिसली की पलंगाखाली पळतं. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणा आणि बाहेर काढा. इतक्या छोट्या डोसमध्ये बुडबुड्यानेही माप चुकतं.

कोण, कधी देतं?

दोन इंजेक्शनांत १२ तासांचं अंतर हवं. सकाळी सात आणि रात्री अकरा असं चालत असेल तर मधले काही तास मांजर इन्सुलिनविना असतं. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठणं हेही याच खात्यात. फ्रिजच्या दारावर कागद लावा: तारीख, वेळ, मीटरचा आकडा, किती खाल्लं, किती युनिट, कोणी दिलं. दोघांनी वेगवेगळं इंजेक्शन देण्याचे प्रकार होतात, आणि कुणीच न देण्याचेही.

मांजर खात नसेल किंवा उलटी झाली असेल तर ठरलेला डोस डोळे मिटून द्यायचा नाही. इंजेक्शनआधीचा आकडा २०० च्या खाली असेल तरीही थांबा. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारून पुढे जा. पण स्वतःच्या मनाने लागोपाठ डोस चुकवणंही वाईट, त्यातूनच कीटोन वाढतात.

बाटली

इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेली बाटली गोठते आणि वितळल्यावर पुन्हा तशीच दिसते, गुण मात्र गेलेला असतो. मे महिन्यात दुकानातून घरी येईपर्यंत दुचाकीच्या डिकीत तापलेली बाटली, तीच गत. आणायला जाताना छोटा थर्मास न्या, बर्फाच्या पिशवीभोवती रुमाल गुंडाळा.

ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ हवं. गढूळ दिसलं, तंतू दिसले तर टाकून द्या. दुधट इन्सुलिन एकसारखं करूनच ओढायचं. ते हळुवार फिरवायचं की हलवायचं हे प्रत्येक जातीला वेगळं आहे, बाटलीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. बाटली उघडल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा. आधी छान चाललेली शुगर अचानक चढली आणि बाकी काही बदललेलं नसेल, तर नवी बाटली उघडणं हा पुढच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा स्वस्त उपाय आहे. मात्र नव्या बाटलीचे पहिले काही दिवस आकडे जास्त वेळा बघा, कारण जुनी निकामी असेल तर तोच डोस आता पूर्ण ताकदीने लागेल.

ताटात काय पडतं?

मांजर मांसाहारी प्राणी आहे. त्याचं शरीर प्रथिनांतून साखर बनवून घेतं, पिठूळ अन्न पेलण्यासाठी ते घडलेलंच नाही. कोरड्या दाण्यांत मात्र पीठ भरपूर असतं. पाकिटावर कर्बोदकांचा आकडा बहुधा छापत नाहीत, पण तो काढता येतो. प्रथिनं, स्निग्ध, तंतू आणि ओलावा यांची टक्केवारी मिळवा, राखेसाठी, म्हणजे खाण्यातल्या क्षारांसाठी, कोरड्या खाण्यात साधारण ८ आणि ओल्या पाऊचमध्ये २ धरा, बेरीज १०० मधून वजा करा. प्रथिनं ३०, स्निग्ध १०, तंतू ४, ओलावा १० असे दाणे असतील तर ३८ टक्के नुसतं पीठ. प्रथिनं ८, स्निग्ध ३, तंतू १, ओलावा ८४ असा पाऊच असेल तर २. ‘डायबेटिक’ असं लिहिलेलं पाकीटही याच हिशोबाने तपासा.

मग घरातलं चोरटं खाणं. दूध-पोळी, दही-भात, चहाबरोबरचं बिस्किट, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेला दुधाचा वाडगा, जिन्याखालच्या मांजरांसाठी ठेवलेले दाणे. बाहेर जाणाऱ्या मांजराचा डायबेटिस आवरणं फार कठीण जातं. निदान पहिले काही महिने ते घरातच राहील असं बघा, आणि आजूबाजूच्या चार घरांत स्पष्ट सांगून या. गोड सिरपमधली औषधं सुरू असतील तर तीही डॉक्टरांना दाखवा.

दोन धोके आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय खाणं बदला असं मी कुणालाच सांगत नाही. पहिला: पीठ कमी झालं की इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटते. जुना डोस चालू ठेवून दाणे एकदम बंद केले तर शुगर कोसळते. म्हणून डॉक्टरांशी बोलून, हळूहळू, रोज आकडे बघत बदला. दुसरा: नुसतं उकडलेलं चिकन हा पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि शिजवून पाणी टाकलं तर टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्यही जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर विषच. जाड मांजराचं वजन उतरवायचं असतं, पण उपाशी ठेवून कधीच नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर चरबी चढते.

मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड कुणी सुचवलं तर नको म्हणा. माणसांच्या डायबेटिसच्या गोळ्याही स्वतःहून देऊ नका. अमेरिकेत २०२२ पासून मांजरांसाठी तोंडाने द्यायची काही औषधं मंजूर झाली आहेत, पण ती निवडक मांजरांनाच चालतात आणि त्यांत शुगर ठीक दिसत असतानाही कीटोन वाढण्याचा धोका असतो. घरात कुणाची तशी गोळी आहे म्हणून तुकडा करून द्यायचा प्रश्नच येत नाही.

मीटरचा आकडा खरा आहे का?

दवाखान्यात रिक्षाने गेलेलं, शेजारी भुंकणारी कुत्री पाहून थिजलेलं मांजर निरोगी असलं तरी त्याची शुगर ३०० दाखवू शकते. भीतीने मांजराची साखर चढते. त्यामुळे दवाखान्यातल्या एका आकड्यावर डोस वाढत गेला असेल तर थांबा, आणि घरी मोजायला शिका. हे जमलं की निम्मी लढाई संपते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कान आधी गरम करा. गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिनिटभर धरला तरी पुरतो. थंड कानातून थेंब येत नाही आणि मग लोक पुन्हा पुन्हा टोचतात. कानाची कड टॉर्चसमोर धरली की कडेने जाणारी शीर लालसर रेघेसारखी दिसते. टोचायचं शिरेवर नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. मागे दुमडलेला कापूस धरा, नाहीतर सुई आरपार जाऊन तुमच्या बोटात घुसेल. केसांवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवला तर रक्त पसरत नाही, थेंब गोळा होतो. पट्टीचं टोक थेंबाला टेकवायचं, ती स्वतःच ओढून घेते. मग कान क्षणभर दाबून धरा आणि उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या. काही दिवसांत मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की मांजर स्वतःहून येऊन बसतं.

माणसांचा मीटर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवतो, कारण रक्तातल्या पेशी आणि पाणी यांत साखर वाटली जाण्याचं प्रमाण मांजरात वेगळं आहे. प्राण्यांसाठी बनवलेला मीटर मिळाला तर उत्तम. नाहीतर माणसांचाच वापरा, पण एकच वापरा आणि तो कोणता हे डॉक्टरांना सांगा. पट्ट्यांची मुदत बघा, डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहू देऊ नका.

निरोगी मांजराची शुगर साधारण ७० ते १५० असते. तुमच्या मांजराने दिवसभर तिथेच राहावं अशी अपेक्षा सुरुवातीला ठेवू नका. इंजेक्शनच्या वेळी २००-३०० आणि मधे कधीतरी ८० ते १५० पर्यंत उतरून परत चढत असेल तर गाडी रुळावर आहे. रक्तातली साखर २५०-३०० च्या वर जास्त वेळ राहिली की ती लघवीत सांडते, आणि तहान, मोठे गोळे, मुंग्या हे सगळं तिथून सुरू होतं. म्हणून मी आकड्याइतकंच पाण्याच्या मापाला आणि आठवड्याच्या वजनाला महत्त्व देते. आकडे चढे दिसतात, पण पाणी कमी झालंय आणि वजन भरतंय, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

पुरेसे दिवस दिलेत का?

एकदा ठरवलेला डोस अंगी लागायला आठवडाभर द्यावा लागतो. मंगळवारी वाढवला, गुरुवारी आकडा चढा दिसला म्हणून पुन्हा वाढवला, असं करून काहीच कळत नाही. आठवड्यानंतर एक दिवस दर दोन तासांनी, १२ तास शुगर मोजा आणि आलेख काढा. शुगर किती खाली जाते आणि केव्हा जाते हे त्यातून दिसतं. फक्त सकाळचा आकडा बघणाऱ्याला दुपारी तीन वाजता ती ५५ ला पोचली होती हे कळतच नाही. इतकं टोचणं जमत नसेल तर माणसांचा चिकटवायचा सेन्सर मांजरालाही लावता येतो. डॉक्टर केस काढून लावून देतात. तो महाग पडतो, पण पहिल्या पंधरवड्यात एकदा लावला तर त्याचं मोल आहे.

मागचे पाय मात्र महिने घेतात. ती नसांची इजा आहे, तेल चोळून किंवा कॅल्शियम देऊन बरी होत नाही. शुगर ताब्यात राहिली की हळूहळू टाच उचलली जाते. आणि निदान लवकर झालं, शुगर लवकर ताब्यात आली, पीठ बंद झालं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे पूर्ण सुटतं. आकडे आपोआप उतरू लागले तर तीच सुरुवात असू शकते, तेव्हा फोन त्याच दिवशी करा.

इथून पुढे डॉक्टरांचं काम

वरचं सगळं तपासून झालं, नोंदी स्वच्छ आहेत, आणि तरी शुगर चढीच आहे, तर घरचं काम संपलं. आता इन्सुलिनला विरोध करणारं शरीरात दुसरं काय आहे ते शोधायचं.

आधी जुनी फाइल काढा. खाज, हिरड्या, दमा यांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं होतं का? लांब टिकणाऱ्या इंजेक्शनचा असर आठवडेच्या आठवडे राहतो आणि इन्सुलिन निष्प्रभ होतं. माजावर येऊ नये म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांचंही तेच. नसबंदी न झालेली मादी असेल तर तो विषय डॉक्टरांकडे काढा. स्टेरॉइड चालू असेल तर मात्र अचानक बंद करू नका.

त्यानंतर तोंड. सडका दात आणि सुजलेल्या हिरड्या शुगर चढी ठेवतात, आणि दात काढल्यावर इन्सुलिन कमी लागलेली मांजरं मी पाहिली आहेत. मग लघवीतला जंतुसंसर्ग शोधणारं कल्चर, स्वादुपिंडाची सूज, मूत्रपिंड, वयस्कर मांजरात थायरॉइड. गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिनची तपासणीही इथे उपयोगी पडते, कारण त्या दिवशीच्या भीतीने तिचा आकडा बदलत नाही.

हे सगळं ठीक निघालं, डोस वाढतच चालला, आणि तरी मांजराचं वजन घटण्याऐवजी वाढतंय, डोकं आणि पंजे मोठे दिसू लागलेत, घोरतंय, तर पिट्युटरी ग्रंथीत वाढ-हार्मोन जास्त बनत असण्याची शक्यता असते. ब्रिटनमध्ये डायबेटिस असलेल्या हजाराहून अधिक मांजरांच्या २०१५ मधल्या एका अभ्यासात हे सुमारे चौथ्या हिश्शात आढळलं. त्यासाठी आयजीएफ-१ ही रक्ततपासणी असते. गावात सोय नसेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा: मुंबईत परळ, शिवाय शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर.

जाताना नोंदींचा कागद, खाण्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, मीटर, थर्मासमध्ये इन्सुलिनची बाटली आणि वापरात असलेली सिरिंज बरोबर न्या. डॉक्टरांसमोर रोजच्यासारखं औषध सिरिंजमध्ये भरून दाखवा. रिपोर्ट येईपर्यंत डोस आहे तोच.